लांबुडका पाणघोडा

आमच्या विहीणबाई पेंटर आहेत, असं लग्न ठरताना जावयाने सांगितलं, तेव्हा आमच्या हिने दिवाणखान्यातली एक भिंत मनातल्या मनात रिकामी करून ठेवली. तिथे विहीणबाईंच्या हातचं एखादं चित्र लागेल, शक्यतो फुलांचं, आणि आल्यागेल्याला ते सहज म्हणून दाखवता येईल, असा तिचा बेत होता. पुढे कळलं, की विहीणबाई पेंटर आहेत हे शंभर टक्के खरं, पण त्या रस्त्यावर रंगवतात. म्हणजे रस्त्याच्या कडेला बसून नव्हे. रस्ताच रंगवतात. ‘थांबा’, ‘सावकाश’, ‘पुढे शाळा आहे’, शिवाय बाण. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि गुडघ्यांनी तक्रार केल्यावर निवृत्त झाल्या. आमच्या त्या भिंतीवर पुढे कॅलेंडर लागलं.

मी स्वतः वजनमापे खात्यातून निवृत्त झालो. चौतीस वर्षं दुकानदारांच्या तराजूंकडे संशयाने बघितल्यामुळे माझी नजर मापाला पक्की आहे. एखादी वस्तू बोटभर कमी-जास्त असली तरी मला दुरून कळते, आणि कळली की सांगितल्याशिवाय राहवत नाही. घरच्यांना हा गुण फारसा आवडत नाही, पण गुण तो गुणच.

तर लेक-जावयाने नवं घर घेतलं. तिसरा मजला, लिफ्ट अजून सुरू व्हायची होती. नात चार महिन्यांची झाली होती आणि येत्या रविवारी मंडळी राहायला जायची होती. नातीसाठी एक छोटी खोली ठेवली होती. तिथल्या भिंतीवर लेकीला स्वतःच्या लहानपणीच्या पुस्तकातली चित्रं हवी होती. त्या पुस्तकात एक पाणघोडा शिंपीकाम करतो. त्याच्याकडे मगर येते, कासव येतं, शेवटी जिराफ मफलर शिवायला येतो आणि दुकानातलं सगळं कापड संपतं. मग पाणघोडा स्वतःच्या घराचे पडदे काढून आणतो. हे पुस्तक मी लेकीला इतक्या वेळा वाचून दाखवलं आहे, की जिराफाच्या मफलरचं माप मला अजून पाठ आहे. एकोणीस हात.

“भिंतीला चिकटवायची तयार चित्रं मिळतात, आई,” लेक सासूबाईंना म्हणाली. आम्ही सगळे चहाला बसलो होतो.

“मिळतात ना. आणि महिन्याभरात कोपऱ्यातून सुटतात. मी काढते.”

“तुम्ही? म्हणजे... चित्रं?”

“नाही, ‘ओव्हरटेक करू नका’ असं लिहिते.”

जावयाने चहाच्या कपात तोंड घातलं. लेक माझ्याकडे बघत म्हणाली, “चालेल की, आई. छानच.” सुनेने सासूला एवढ्या चटकन होकार दिलेला मी पहिल्यांदाच ऐकला. त्यातच मला धोका कळायला हवा होता.

विहीणबाईंची एकच अट होती. काम पुरं होईपर्यंत कोणी डोकवायचं नाही. “आणि शिडी धरायला एक माणूस द्या. अक्कल नसली तरी चालेल,” त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं त्या खोलीत हजर झालो. बाळाची कॉट जावयाने आधीच भिंतीला लावून ठेवली होती, चारी बाजूंनी कठडे असलेली, पायांना चाकं. विहीणबाईंनी रंगाचे डबे खाली ठेवले आणि पहिलं काय विचारलं असेल? ब्रश कुठे, पाणी कुठे, नाही. “कॉट इथेच राहणार ना? नक्की?”

“नक्की.”

त्यांनी कॉट बाजूला ढकलली, तिच्या जागेवर दोन जाड गाद्या एकावर एक रचल्या आणि चक्क आडव्या झाल्या. डोकं भिंतीच्या अगदी कडेला. एक डोळा मिटलेला. मी मनात म्हटलं, तीन जिने चढून आल्या, दमल्या बिचाऱ्या. हळूच पडदा ओढला आणि चवड्यांवर चालत चहा टाकायला गेलो.

“पडदा कोणी लावला?” आतून आवाज आला.

“तुम्हाला डोळ्यावर ऊन येत होतं.”

“मी काम करतेय, व्याही!”

असं काम मी खात्यात पुष्कळ बघितलं होतं, म्हणून काही बोललो नाही.

अर्ध्या तासाने त्या उठल्या. जिथे डोकं होतं तिथे त्यांनी एक बुटकं स्टूल ठेवलं, त्याला दोरा बांधला आणि त्याचं दुसरं टोक घेऊन शिडी चढल्या. दोरा ताणून भिंतीला टेकवायच्या, खडूने खूण करायच्या, उतरायच्या, स्टुलापाशी वाकून बघायच्या, परत चढायच्या. पुस्तक मध्येच एका पुठ्ठ्यावर उभं करून ठेवलं होतं, दोरा त्याला घासून जायचा. दुपारपर्यंत भिंतीवर दोनेकशे ठिपके झाले. त्या जेवायला गेल्या तेवढ्यात मी ओलं फडकं त्या दोऱ्यावर वाळत घातलं.

“हे काय?”

“फडकं.”

“तुमच्या खात्यात दोरी दिसली की कपडे वाळत घालायचे का हो?”

मंगळवारी ठिपके जोडून रेघा झाल्या, आणि माझ्या नजरेने काम सुरू केलं. मी खिशातली टेप काढली. पाणघोड्याचं पोट तीन विती रुंद होतं. ठीक. उंची मात्र अकरा विती. वर डोकं एवढं मोठं, की त्याचे पाय त्याच्या तुलनेत एखाद्या नाजूक टेबलाचे वाटावेत.

“विहीणबाई, पाणघोडा जरा लांबतोय.”

“लांबू दे.”

“आणि डोकं पायांच्या तिप्पट झालंय.”

“असू दे.”

“पुस्तकात तो गोल आहे.”

शिडीवरून त्यांनी खाली बघितलं. “पुस्तक तुम्ही कसं धरता?”

“कसं म्हणजे? हातात. डोळ्यांसमोर.”

“मग झालं तर. शिडी धरा.”

ह्यात काय झालं ते मला कळलं नाही, पण शिडी धरली. मगर तर दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यासारखी उभीच्या उभी निघाली. कासवाची पाठ भाकरीसारखी... छे, भाकरी तरी गोल असते. आणि मुळात लांब असलेल्या जिराफाचं काय झालं असेल ते तुम्हीच ठरवा. त्याची मान छताला लागली, तिथे वळली आणि छतावरून पुढे खोलीच्या मध्यापर्यंत गेली. एकोणीस हातांचा मफलर त्याला आखूड पडला असता.

बुधवारी रंग भरायला सुरुवात झाली. विहीणबाईंनी डब्याच्या झाकणात निळा आणि लाल मिसळला, बोटाने ढवळला आणि त्याकडे इतका वेळ बघत बसल्या, की मला वाटलं काहीतरी बिघडलं.

“काय झालं?”

“जांभळा झाला,” त्या म्हणाल्या. “एकतीस वर्षं पांढरा आणि पिवळा. तिसऱ्या रंगाची कधी गरजच पडली नाही.”

त्या दिवशी त्यांनी पाणघोड्याला, त्याच्या गळ्यातल्या टेपला, दुकानाच्या दाराला आणि थोडा माझ्या सदऱ्यालाही जांभळा लावला. मूड बरा आहे असं बघून मी विचारलं, “एवढा खटाटोप कशाला करताय? गुडघे दुखतात, तुम्ही शिडी चढताय. लेकीने चिकटवलं असतं काहीतरी.”

ब्रश थांबला नाही. “व्याही, मी आजवर जे लिहिलं, त्यावरून चाकं गेली. वर्षाच्या आत पुसलं जायचं, परत लिहायचं. तक्रार नाही, कामच तसं. पण ह्या भिंतीवरून कोण गाडी नेणार आहे? एक तरी काम माझ्यामागे उभं राहू दे. नात मोठी होईपर्यंत.”

माझ्या मनात आलं, काम उभं तर फारच उभं राहिलं आहे. पण तेव्हा मात्र मी बोललो नाही. नजर पक्की असली तरी जीभ कधीकधी शहाणपणा करते.

शुक्रवारी चित्र पुरं झालं. शनिवारी विहीणबाई वरून द्यायच्या वॉर्निशचा डबा आणायला निघाल्या. जाताना मला दोन कामं सांगितली. “फरशी पुसून घ्या. आणि कॉट तिच्या जागेवर लावून ठेवा, विसरू नका. उद्या पोरं येतील तेव्हा कॉट जागेवर हवी.”

“पाच मिनिटांत लावतो,” मी म्हणालो.

फरशी पुसली. कॉट लावणार, तेवढ्यात वाटलं, भिंतीचा रंग पुरता वाळला नसेल, कठडा घासला तर? म्हणून ती खिडकीखाली सरकवली आणि आधी चहा घ्यावा असं ठरवलं. चहा उकळत होता, तेवढ्यात दार वाजलं. लेक आणि जावई दारात. पडद्यांची मापं घ्यायची होती, म्हणून एक दिवस आधीच आले. नात आमच्या हिच्याकडे होती.

“झालं का काम? बघू का? बघतेच!” असं म्हणत लेक खोलीत शिरली. तिच्या मागोमाग जावई आणि त्याच्यामागे मी, हातात गाळणं.

लेक मागे सरत सरत थेट कॉटला जाऊन टेकली.

“हा... पाणघोडाच ना?” लेक म्हणाली.

“हो.”

“उभा आहे.”

“शिंपी आहे ना. उभ्याने माप घेतो.”

जावई मान वाकडी करून जिराफाच्या मागोमाग छतापर्यंत गेला आणि परत आला. “वेगळं आहे,” तो म्हणाला. “म्हणजे आईने एकदम वेगळं केलंय.” कोणाच्या घरी जेवताना भाजी फसली, की आमचा जावई हाच शब्द वापरतो.

लेकीने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. “बाबा, तो पाणघोडा नाही, विजेचा खांब आहे! त्या मगरीकडे बघवत नाही. पोरगी दचकून उठेल. तुम्ही पाच दिवस काय करत होतात?”

“शिडी धरत होतो.”

“एरवी माझी पोळी एका बाजूला जाड झाली तर तुम्हाला शेजारच्या खोलीतून दिसतं! हे नाही दिसलं?”

“दिसलं. सांगितलं. त्या म्हणाल्या, शिडी धरा.”

“मी सोमवारी माणूस बोलावते आणि पांढरं करून घेते. आईंना सांगू, भिंतीला ओल आली.”

“ओल कशाला आणायची?”

विहीणबाई दारात उभ्या होत्या. हातात वॉर्निशचा डबा. लेकीचा चेहरा पडला. “आई, तसं नाही... म्हणजे काम खूप छान आहे, फक्त...”

“अगं, फक्त काय. बघितलंत ना नीट? खोलीत जाऊन, कॉटपाशी?”

“हो.”

ते ‘हो’ खरंच होतं. लेक कॉटपाशीच उभी होती. कॉट मात्र खिडकीखाली होती. पण हे त्या क्षणी माझ्याही डोक्यात आलं नाही, कारण चहा उतू जात होता.

विहीणबाईंनी वॉर्निशचा डबा ओट्यावर ठेवला. पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी विझलेलं दिसलं. “तिथून बघून आवडलं नसेल तर बोलायला जागाच नाही,” त्या म्हणाल्या. “ज्याने वाचायचं त्याला वाचता आलं नाही, म्हणजे चुकलं. सोमवारपर्यंत कशाला थांबायचं? पांढरा माझ्याकडे चिक्कार आहे. आत्ता मारून टाकते. व्याही, रोलर कुठे ठेवलात?”

“आई, राहू द्या ना, आज नको,” जावई म्हणाला.

“अरे, मी काय भिंतीची नातेवाईक आहे? सरक.”

त्या डबा उघडायला बसल्या. मी खोलीत गेलो. खरं तर मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. माझ्या मापाप्रमाणे तो पाणघोडा साफ चुकला होता, ह्याबद्दल मला शंका नव्हती. तरी काहीतरी बोचत होतं. मग आठवलं, त्यांनी सांगितलेल्या दोन कामांपैकी एक राहिलं आहे. निदान तेवढं करावं म्हणून मी कॉट भिंतीकडे ओढली. अर्ध्या वाटेत चाक अडकलं. मी वाकलो, जोर लावून कॉट उचलली, आणि कमरेत कट्कन उसण भरली.

ज्यांना उसण माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. उभं राहता येईना, बसता येईना. विहीणबाईंच्या त्या दोन गाद्या अजून भिंतीच्या कडेला होत्या. मी कठड्याला धरून, देवाचं नाव घेत, गाद्यांवर आडवा झालो. डोकं जिथे टेकलं तिथे टेकलं. श्वास सोडला आणि डोळे उघडले.

पाणघोडा माझ्याकडे वाकून बघत होता.

गोल होता. चांगला गरगरीत, पुस्तकातल्यासारखा, गळ्यात टेप, कानामागे खडू. तीन विती रुंद, अकरा विती उंच असलेला तो मघाचा खांब कुठे गेला, ह्याचा माझी नजर शोध घेत होती आणि तिला काही सापडत नव्हतं. मगर आपल्या शेपटीला कोटात भोक हवं म्हणून ती वळवून दाखवत होती. कासव टुमटुमीत झालं होतं. आणि छतावरून जिराफाने मान थेट माझ्या तोंडावर खाली आणली होती, मफलर नीट बसला का ते विचारायला. मी डोकं हातभर उचललं. परत खांब. टेकवलं. पाणघोडा.

मी ओरडलो. सगळे धावत आले.

“बाबा! काय झालं? हलू नका!”

“मी हलत नाही. तू झोप.”

“अरे, डॉक्टरांना फोन लाव,” लेक जावयाला म्हणाली. “ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय.”

“परिणाम कमरेवर झालाय. इथे माझ्याशेजारी झोप म्हणतो ना! डोकं इथे. भिंतीला लागून. आता वर बघ.”

लेकीने माझ्या समाधानासाठी अंग टाकलं. मग तिचा आवाज आला, पण तो बत्तीस वर्षांच्या बाईचा नव्हता. “बाबा. तो गोल झाला.”

“झाला ना?”

“मफलरची गाठ पण तश्शीच! बाबा, कडेला गोंडे सुद्धा आहेत!”

“तुम्ही दोघं काय बघताय?” जावयाने विचारलं, आणि कोणी उत्तर देईना तेव्हा तोही आमच्या पलीकडे लवंडला. “आयला,” तो म्हणाला. सासऱ्याशेजारी पडून असं म्हणण्याची त्याची ही पहिलीच वेळ. मी मनावर घेतलं नाही.

तेवढ्यात दारात विहीणबाई आल्या, एका हातात रोलर, दुसऱ्यात पांढऱ्याचा डबा. फरशीवर ओळीने पडलेल्या तिघांकडे त्यांनी बघितलं.

“मी पांढरं मारणार भिंतीला. तुम्ही का आडवे झालात?”

“विहीणबाई,” मी पडल्यापडल्या म्हणालो, “हे आधी का नाही सांगितलंत?”

“काय सांगायचं त्यात? तुम्ही मापाचे माणूस. मला वाटलं, दोरा बघूनच कळलं असेल. रस्त्यावर लिहिलेलं ‘थांबा’ कधी शेजारी उभं राहून बघितलंय? तुमच्यापेक्षा लांब असतं. पण गाडीतून येणाऱ्याला कसं, अगदी बेतशीर दिसतं. त्याचा डोळा खाली असतो आणि रस्ता पुढे पसरलेला. पोरीचं तसंच, दोरा म्हणजे तिची नजर. ती इथे पडणार आणि भिंत तिच्या डोक्यावरून वर जाणार. मग तिच्या जागेवरून काढायचं, का उभ्या माणसांच्या? उभी माणसं चार महिन्यांत एकदा येऊन ‘वेगळं आहे’ म्हणणार.”

जावई उठून बसायला लागला होता, तो परत आडवा झाला.

“पण आई, मी कॉटपाशीच उभी राहून...” लेक म्हणाली आणि तिने मान वळवून खोलीच्या मधोमध अडकलेल्या कॉटकडे बघितलं. विहीणबाईंनीही बघितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“रंग वाळला नसेल असं वाटलं,” मी म्हणालो. “म्हणून खिडकीखाली ठेवली होती. मग चहा...”

“पाच मिनिटांत लावतो म्हणालात.”

“लावतच होतो.”

विहीणबाईंनी रोलर खाली ठेवला, डब्याचं झाकण तळहाताने ठोकून बंद केलं आणि कमरेवर हात ठेवून पाणघोड्याकडे बघितलं. उभ्यानेच. त्यांना झोपायची गरज नव्हती. “गादी दोन बोटं अजून वर हवी,” त्या म्हणाल्या. “कॉटमधून ह्याहून बरं दिसेल. व्याही, उठा आता, वॉर्निश मारायचंय.”

“उठता येत नाही.”

“मग बघत पडा. पण अंगावर थेंब उडाले तर बोलायचं नाही.”

लेक उठली, जाऊन सासूबाईंसमोर उभी राहिली आणि त्यांनी उचललेला ब्रश स्वतःच्या हातात घेतला. त्या दिवशी वॉर्निश तिने मारलं. शिडी विहीणबाईंनी धरली आणि खालून एकसारख्या सूचना केल्या, त्यामुळे हिशेब बरोबर झाला असं मला वाटतं.

रविवारी नात आली. जावयाने कॉटची चाकं काढून टाकली होती आणि ती भिंतीला दोन स्क्रूंनी कायमची जोडली होती. सगळं कुटुंब कठड्याभोवती जमलं. तिला अलगद ठेवलं. पाणघोडा वाकला, मगरीने शेपूट वळवली, जिराफाने मान खाली आणली. नात पूर्ण पाच मिनिटं डोळे विस्फारून पंख्याकडे बघत राहिली.

“घाई नाही,” विहीणबाई म्हणाल्या. “मी कुठे चाललेय? आणि ही भिंत कुठे चाललीय?”

पांढऱ्याचा डबा उरला होता. जायच्या आधी त्या खोलीच्या दाराशी गुडघ्यांवर बसल्या, त्याच गुडघ्यांवर, आणि उंबरठ्याच्या आत, फरशीवर, हाताएवढ्या लांब अक्षरांत लिहिलं: ‘सावकाश’. वाकून बघितलं तर काय लिहिलंय ते कळत नव्हतं. दारातून बघितलं तर ते इतकं नेटकं, इतकं बेतशीर, की पाय आपोआप थांबावा.

“विहीणबाई, ह्याच्यावरून आम्ही दिवसभर जाणार-येणार,” मी म्हणालो. “पुसलं जाईल.”

“जा-ये करा की. ते त्यासाठीच आहे. पुसलं की मी येऊन परत लिहीन. भिंतीवरून तेवढं कोणी जाऊ नका.”

माझी उसण अजून पुरती गेलेली नाही. त्यामुळे ‘सावकाश’ ह्या सूचनेचं तंतोतंत पालन करणारा घरात सध्या मी एकटाच आहे.